पट

शाळेचा पट अकरा.
दोघं मामाच्या गावी, एक तापानं पडलेलं,
उरली आठ लेकरं
आणि पोषण आहार शिजायला अजून तासभर.
म्हणून व्हरांड्यात खडूनं आखला
दुसरा पट : पाच घरं आडवी, पाच उभी,
मधल्या घरांवर फुल्या.
फुलीवर बसलेल्याला मारायचं नाही,
हे मला सांगावं लागलं नाही कुणाला.

चार चिंचोके दगडावर घासून फोडले,
एक बाजू काळी, एक पांढरी.
सोंगट्या ज्याच्या त्यानं आणल्या :
सरकी, तुरीचा दाणा, हिरव्या बांगडीचा तुकडा,
नौशादनं सायकलच्या ट्यूबचा वॉल.
सगळे पांढरे पडले तर चार,
सगळे काळे पडले तर आठ,
आणि आठ पडले की गलका असा
की भात ढवळता ढवळता शांताबाई बाहेर येत,
हातात पळी तशीच.

तिसरीतला इंदल राठोड रोज हरायचा.
तांड्यावरून चालत येतो तो, दीड किलोमीटर,
मोजतो तेव्हा ओठांतल्या ओठांत : एक, दी, तीन.
तीन पडले तर त्याची सरकी दोनच घरं सरके.
चार पडले तर तीन.
कुणी काही म्हणत नसे.
तोट्यातल्या माणसाला कोण अडवतं!

आठव्या दिवशी प्रांजल गवईला राहवलं नाही.
"अबे, उभा हायेस ते घर काऊन मोजतं?
ते तं झालं ना.
पाय उचलला का मंग एक."
मी विचारलं, तुला कधीपासून ठाऊक?
"पयल्या दिवसापासून, गुरुजी.
पण सांगतलं असतं तं तो जिंकला असता ना."

त्या रात्री मानोऱ्याच्या खोलीवर
वह्यांचा गठ्ठा सोडला.
आठ अधिक पाच, बारा.
सात अधिक सहा, बारा.
नऊ अधिक चार, बारा.
मला वाटायचं, या पोराला बाराच आवडतात.
पुढे चौदा अधिक तीन, सोळा.
वीस अधिक सहा, पंचवीस.
मागच्या वर्षीची वही काढली, त्याच्याही मागची.
पानापानावर माझी लाल फुली,
आणि प्रत्येक फुलीखाली
उत्तर बरोब्बर एकानं कमी.
एकदाही दोनानं नाही. एकदाही जास्त नाही.
एवढ्या नेमानं तर मी हजेरीही घेत नाही.

जिथून निघायचं तो आकडाच
तो पहिला धरत होता.
आठ, नऊ, दहा, अकरा, बारा :
पाच बोटं, पाच आकडे, हिशेब चोख.
आणि समासात माझं अक्षर, वळणदार :
'लक्ष देऊन सोडव.'
लक्ष तो देतच होता.

खोलीत पंखा बंद, लाइट गेलेली,
मोबाइलच्या उजेडात बसून होतो.
पटावरची फुली सोंगटीला वाचवते.
माझ्या फुलीनं कुणाला वाचवलं
ते काही आठवेना.

सकाळी इंदलनं चिंचोके फेकले. चार.
सरकीवर बोट ठेवलं, थांबला,
माझ्याकडे नाही, प्रांजलकडे पाहिलं.
मग पाय उचलल्यासारखी उचलली सरकी :
एक. दी. तीन. चार.
चौथ्या घरात हिरवी बांगडी.
मारली!
प्रांजलनं कपाळाला हात लावला,
"शिकवलं तेच चुकलं माय."

वह्या मी अजून परत दिल्या नाहीत.
लाल शाई खोडता येत नाही,
आणि वर काय लिहावं ते सुचत नाही.

परवा मधल्या सुट्टीत इंदल जवळ आला.
खिशात चिंचोके खुळखुळत होते.
"गुरुजी, दोनच जास्त पडते.
आठ येतच नाही. काऊन?"

मला ठाऊक नव्हतं.
म्हटलं, बस खाली. टाक.
पडेल ते लिहीत जाऊ,
शंभर वेळा.
खडू त्याच्या हातात दिला.