गोळा

लाल दिसलं आणि मी थांबलो नाही.
एकतीस वर्षांच्या नोकरीत असं एकदाही झालं नव्हतं.
बिटाचं पाणी सांडावं तसं,
दुखलं नाही, खुपलं नाही.
कुंदाला म्हटलं, काल लग्नात बीट होतं ना कोशिंबिरीत.
ती म्हणाली, काल लग्न नव्हतं.

सयाजी हॉस्पिटलात डॉक्टर निरालीबेन,
माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची.
दुर्बीण आत घालून पडद्यावर दाखवलं:
मूत्राशयाच्या भिंतीला
बारीक देठावर झुलणारं लालसर शेवाळ.
खरं सांगतो, सुंदर होतं.
मग पोटात गोळा आला.
म्हणजे, होताच की तो.

काका, काम शुं करता?
प्रतापनगरला केबिनमन होतो, बेन. छोटी गाडी, डभोई लाइन.
ती रिपोर्टाच्या पाठीवर चित्र काढायला लागली.
पेशीच्या कातडीवर सुटे सुटे खांब.
बाहेरून निरोप आला की दोन खांब एकमेकांना टेकतात,
आत खबर जाते: वाढा.
निरोप सरला की पुन्हा सुटे.

हा तर आमचा गोळा, मी म्हटलं.
पोलादी, मोसंबीएवढा,
पुढच्या स्टेशननं हो म्हटल्याशिवाय यंत्रातून निघत नसे,
आणि ड्रायव्हरच्या हाती गोळा नसेल
तर गाडी हलायची नाही,
आत खुद्द मोठा साहेब का बसलेला असेना.

बस, तेच बिघडलंय तुमचं.
एका जीनमधलं एक अक्षर.
त्यामुळे खांबाच्या दोनशे एकोणपन्नासाव्या कडीला
सेरीन हवं तिथं सिस्टीन.
सिस्टीनपाशी गंधक असतो,
गंधकाला गंधक भेटला,
दोन्ही खांब कायमचे गळ्यात गळा.
आता निरोप येवो न येवो...
सिग्नल पडलेलाच, मी म्हटलं.
ती हसली. मग हसू आवरलं तिनं.

पुढची नावंही लिहून दिली: रास, राफ, मेक, अर्क.
आमच्या लाइनीवरच्या हॉल्टांसारखी,
उच्चारेपर्यंत मागं पडणारी.
रात्रभर त्यांचाच विचार.
त्यांच्यावर राग धरता येत नाही.
मागून घंटी आली, पुढं दिली.
मीही तेच केलं असतं.

अक्षर कुणी बदललं, ते विचारायचं धाडस उशिरा झालं.
रात्रपाळीला दोन बंडलं विडी.
धूर वर जातो असंच वाटायचं.
तो रक्तात उतरून, गाळून, खाली साठत होता,
आणि मी गाडी निघेपर्यंत
लिव्हर सोडता येत नाही म्हणून
तासन्‌तास लघवी धरून उभा.
त्यानंही फरक पडला असेल का?
असेल, म्हणाली, नक्की नाही सांगता येत.
हे नक्की नाही मला फार आवडलं.

खरवडून काढलंय.
पी-त्रेपन्न नावाचा गार्ड अजून जागा आहे म्हणे,
पण हे शेवाळ परत येतं, त्याला सवय असते.
दर तीन महिन्यांनी दुर्बीण.
केबिन तर कधीच पाडली,
रूळ रुंद झाले, गोळे भंगारात गेले असतील.

आज पुन्हा व्हरांड्यात, हातात डबी,
झाकण नीट लागत नाही.
उजेडात धरून पाहिली.
पिवळा.
म्हणजे सावध राहून पुढं.
सिस्टर हाक मारतेय, ढवळे, ढवळेकाका,
येतो म्हटलं.