मोरीचं तेल

गाडी चार चिऱ्यांवर चढवली आहे.
पेट्रोलची टाकी नीरफणसाखाली,
चाकं पडवीत एकावर एक,
आणि मी पोत्यावर उताणी, तिच्या पोटाखाली,
हातात छोटी हातोडी.

एकतीस वर्षं वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात
मी लोकांच्या हाडांचे फोटो काढले.
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
इथे फोटो नाही, कानांनी बघायचं:
टण्, टण्, टण्,
आणि मग एकदम थप.
थप आलं की खडूने फुली.
फुल्या संपायच्या आधी खडू संपला.

चौऱ्याहत्तरची फियाट. रंग एकेकाळी पिस्त्याचा.
डॉक्टर धोंडांनी ती मला हप्त्यांवर दिली,
आणि एका अटीवर:
बंदरावर उभी करायची नाही.
मी रोज बंदरावर उभी केली.
लिलावात सुरमई स्वस्त पडायची,
आणि वाऱ्यातलं मीठ दिसत नाही.
न दिसणाऱ्या गोष्टींची तर मला सवयच होती.

इनास साडेचारला आला, ट्रॉलरचं काम आटपून,
वेल्डिंगचा चष्मा कपाळावर.
बोल्ट मी बिंबलांच्या रसात घातले होते, तीन दिवस;
आता आटे मोजता येत होते.
तो त्यावर काही बोलला नाही.
उरलेलं एक बिंबल मिठाला लावून खाल्लं.

मग ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं.
खाली पत्रा रंगवलेला, गुळगुळीत, धड.
इनासने अंगठा दाबला.
अंगठा आत गेला.
"हयसर पुट्टी कोणी मारल्यान?"

पुट्टीमागे वर्तमानपत्र, घट्ट घडी घातलेलं.
त्याने पकडीने ओढून काढलं: ओलं, तपकिरी,
काजू बी आणि सुपारीचे जुने भाव.
मी ओळखलं. भाव नव्हे, घडी.
डाव्या कोपऱ्यातून मुडपलेली,
फिल्मची पाकिटं मी मुडपायचे तशी.

तेव्हा कुडाळचा एक मुलगा गाडी बघायला यायचा होता.
शाळामास्तर, नवं लग्न.
फोनवर म्हणाला, तुम्ही दवाखान्यातल्या,
तुमच्याकडे काय तपासायचं?
त्या रात्री टॉर्च दातांत धरून मी भोक बुजवलं.
सकाळपर्यंत रंग वाळला.
तो आलाच नाही.
आणि मी विसरून गेले, इतकं,
की त्याच जागेवर टाच टेकून
पुढे सतरा वर्षं गाडी चालवली.

"मीच," मी इनासला म्हटलं.
त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला.
"तकडे बघा, बाय."
मी भिंतीकडे बघत राहिले.
निळ्या उजेडात माझी सावली हलत होती,
सगळी, फक्त हाडं सोडून.

रेड ऑक्साइडचे दोन हात, दोन दिवसांचं ऊन.
मग मोरीचं तेल, होडीला लावतात तेच,
पिचकारीने दारांच्या पोकळीत, खांबांत,
जिथे हात पोचत नाही आणि ओल पोचते.
दारांखालची बारीक भोकंही मी बुजवायला निघाले होते.
इनास ओरडलाच:
"पाणी येतलाच. तेका भायर जावक वाट ठेवा!"

आता दर रविवारी आगपेटीची काडी घेऊन
मी दारांच्या कडा टोकरत बसते.
वाळू येते. थोडी. मग आणखी थोडी.
कुठल्या वर्षाची, कुठल्या लिलावाची, देव जाणे.

तेल वाळायला पंधरवडा, इनास म्हणाला होता.
महिना झाला.
गाडीखाली आळीतली सात मांजरं,
हॉर्नला दाद देत नाहीत;
खाली उतरून एकेकाला उचलून बाजूला ठेवावं लागतं,
सातवं उचलेपर्यंत पहिलं परत आलेलं असतं.

काल शिरोड्याच्या तिठ्यावर एकाने हात करून थांबवलं,
खिडकीतून डोकं आत घातलं, हुंगलं,
मागच्या सीटवर नजर फिरवली.
"बांगडे कशे दिल्यात?"

म्हटलं, आज फक्त मोरी.