एक-तीन-चार-दोन

लोहामंडीच्या मागच्या गल्लीत, रविवारी दुपारी,
जुल्फिकारच्या बाकावर दोन वस्तू मांडून ठेवलेल्या.
एक सुपरचार्जर, कोइमतूरहून आलेला,
खोक्यातल्या भुश्शात अजून अर्धा रुतलेला.
दुसरा टर्बो,
दोन गोगलगायी पाठीला पाठ लावून बसाव्यात तसा,
अंगावर कुणाच्या तरी जुन्या प्रवासाची काजळी.

माझी एस्टीम बॉनेट उघडून उभी.
तेराशे सीसी, चार सिलिंडर, सत्त्याण्णवचं मॉडेल.
महूच्या एका सुभेदार मेजरकडून घेतली तेव्हा
डिकीत बुटांचं पॉलिश निघालं होतं
आणि सहा वर्षांच्या पेट्रोलच्या पावत्या, तारीखवार.

भिया, पहले ये बता, चढना कहाँ है?
मी म्हणतो, जाम गेट.
त्या वळणावर, जिथं दुसरा गिअर टाकावा लागतो
आणि मागचा ट्रक हॉर्नवरून हात काढत नाही,
तिथं मला हवा हवी आहे.

तो पट्टा ओढून दाखवतो.
सुपरचार्जर क्रँकला बांधलेला. इंजिन फिरलं की हा फिरला.
पाय टेकवायचा अवकाश, दम हजर.
पण जेवतो घरचंच.
बारा देतो म्हणतो, त्यातले तीन आधी स्वतःच उचलतो.
मी आमच्या सोसायटीच्या खजिनदाराचं नाव घेतो.
जुल्फिकार चहा सांडेपर्यंत हसतो.

टर्बोचं बिऱ्हाड धुराच्या वाटेवर.
जो धूर नाहीतरी समोरच्या पेरूवर जाऊन बसणार,
त्याच्यावरच हा चाक फिरवतो, मिनिटाला लाखभर फेरे.
फुकटात. म्हणजे जवळजवळ.
फक्त पाय दाबल्यावर मध्ये एक पोकळी येते.
तुम्ही मागितलेलं असतं, त्यानं ऐकलेलं असतं,
आणि अजून काहीच झालेलं नसतं.

विभावरी म्हणते,
तुमचं उत्तर येईपर्यंत माझा प्रश्न शिळा होतो.

चार महिने आम्ही पुठ्ठ्यांवर हिशेब मांडतोय.
सहा पौंड दाब. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे की बाजूला.
डिझेलच्या गाडीचा टर्बो लावला तर
पेट्रोलच्या आचेला टिकेल का.
हेड गॅस्केट किती सोसेल, नॉकिंग कुठून सुरू होईल.
पितमपूरच्या सेकंड शिफ्टला गिअर कापतानाही
माझ्या डोक्यात हेच, दोन्ही बाजूंनी मीच भांडतोय.

आज जुल्फिकारनं सहज, चहा निवतोय तोवर म्हणून,
चारी प्लग काढले आणि घड्याळ लावलं.
पहिला: एकशे पासष्ट.
दुसरा: एकशे साठ.
तिसरा
त्यानं पुन्हा लावून पाहिलं.
तिसरा: एकशे दहा.
चौथा विचारलाच नाही मी.

भोकातून चमचाभर तेल ओतलं, काटा एकशे चाळीसवर गेला.
रिंग गेली, तो म्हणाला,
दाताच्या डॉक्टरानं दाढ म्हणावं तशा आवाजात.
हवा भरतोस, पण कशात? फाटक्या पिशवीत?

कधीपासून? ते कसं सांगणार.
पाच वर्षं? सात?
म्हणजे मी जाम गेट चढलो ते साडेतीनवर.
त्या ट्रकवाल्याला, त्या वळणाला,
स्वतःलाही शिव्या घातल्या,
आणि तो बिचारा तिसरा
त्याची पाळी आली की उठत होता,
एक-तीन-चार-दोन, एक-तीन-चार-दोन,
अर्ध्या छातीनं का होईना, एकही खाडा न करता.

खोकं पुन्हा भुश्शानं भरलं.
टर्बो फडक्यात गुंडाळला.
इंजिन उतरवायचं बुधवारी ठरलं.
कोणता ठेवू, कोणता परत पाठवू, जुल्फिकारनं विचारलं.
मी बॉनेटकडे बघत राहिलो.
शेवटी त्यानं शटर ओढलं.

भंवरकुव्याच्या सिग्नलला रिक्षात बसलेलो,
हिरवा होऊन मागचे ओरडायला लागले होते,
तेव्हा मी फोन लावला.
टर्बो, मी म्हणालो.
काय?
टर्बो ठेव.
पलीकडे तो थोडा वेळ गप्प.
मग म्हणाला, मला माहीत होतं,
खोकं मी मघाशीच बांधून टाकलं.