जिभेला न विचारता

बाबा म्हणतात, मुठीपुढे जाऊ नये.
ओहोटीला खडकावर उकिडवे बसून
ते डिल्स्क कापतात,
तांबडं, चामड्यासारखं चिवट,
आणि दगडी कुंपणावर वाळत घालतात.

मी गॉलवेत, पांढऱ्या कोटात,
तेच शेवाळ दळून नळीत घालते.
आयोडीन. आर्सेनिक. कॅडमियम.
एकाच खडकाच्या दोन बाजू,
आकडे मात्र सावत्र भावंडांसारखे,
एकमेकांना ओळख न देणारे.

सोर्खामावशीने गोळ्या आणल्या होत्या केल्पच्या,
केस दाट होतात म्हणे.
"समुद्राचंच तर आहे, बाधेल कसं?"
सकाळी दोन, रात्री आठवणीने दोन.
फेब्रुवारीत तिचं काळीज
खोलीत अडकलेल्या पाकोळीसारखं
भिंतींवर आपटायला लागलं.
गळ्यावर डॉक्टरचा अंगठा,
आणि मावशी छताकडे बघत, गप्प.

उरलेल्या गोळ्या मी तपासल्या.
डब्यावर एक आकडा, आत दुसरा,
पुढच्या गोळीत तिसराच.

बाबांना सांगितलं. वाटलं, चिडतील,
चाळीस वर्षं हाच माल विकला त्यांनी.
ते कोयतीच्या धारेवरून बोट फिरवत राहिले.
मग म्हणाले,
"मुठीनंतर तोंड खारट होतं, पोरी.
जीभच म्हणते, पुरे.
गोळी कुठे विचारते जिभेला?
ओलांडून जाते."

माझ्या अहवालात जिभेसाठी रकाना नाही.
परतताना, बसमध्ये, खिशात सापडला
त्यांनी कधी टाकला कोण जाणे,
एक तुकडा, मिठाने पांढुरका.
चघळला.
दुसरा शोधला नाही.