झीज

पोर्तोच्या दगडांवर नायलॉनचं एक टोक आठ महिने टिकतं.
लिस्बनला वर्षभर जातं, आर्मिंदु सांगतो.
लिस्बनचं कौतुक मला सांगू नकोस, म्हटलं,
माल दाखव.

काउंटरवर तो एकेक ठेवतो, मी बोटांनी बघते.
पेन्सिलीसारखं बारीक: हे माझ्या शाळेतलं,
दर फटीत रुतायचं आणि काठीची मूठ पोटात बसायची.
हे फुगीर, फिरणारं, आत बेअरिंग,
वाळूचा कण शिरला की जातं रडायला लागतं.
हा चेंडू. लोण्यावरून चालल्यासारखा चालतो,
पण मनगट संध्याकाळी शिव्या घालतं.
शिवाय मुका. दुकानात दहा पावलं फिरवला,
लाकूड कुठं संपलं, फरशी कुठं लागली,
ताकास तूर लागू देईना.
धातूचं नकोच, गल्लीतली सगळी कुत्री माझ्यामागे.

"मग चिनीमातीचं घ्या, दोन वर्षं बघायला नको."
बघायला.
मी हसते. तो उगाच खोकतो.

जुनं टोक निघेना. कॉफीच्या यंत्रातलं गरम पाणी
त्यानं कपात आणलं, काठीचं नाक त्यात बुडवलं,
पकडीनं पिळलं, आणि गप्प झाला.
"दोना एर्मेलिंदा, झीज सगळी डावीकडे.
उजवीकडून अजून नवं आहे हे."
असेल, म्हटलं.

त्याला काय सांगायचं.
सात वर्षांची होते, रिबेइराच्या धक्क्यावर
झुल्मीरुमामानं झाडूचा दांडा हातात दिला:
डावीकडे नदी आहे. डावीकडे जोरात विचारायचं.
उजवीकडे भिंत, ती कुठं जात नाही.
बास. एवढंच माझं शिक्षण.

आता मी टेकडीवर राहते, चौथा मजला,
दोउरो इथून तासाभराच्या उतारावर.
नगरपालिकेचे फोन जोडून निवृत्त झाले,
मामा गेला, धक्क्याला म्हणे आता कठडा आहे,
हाताला यातलं काही कुणी कळवलेलं नाही.
तो अजून डावीकडे ठोकतो,
दारावर वसुलीला आल्यासारखा.

नायलॉनचंच दे, जाड, न फिरणारं.
टिकाऊ नको, बोलकं हवं.
त्यानं बसवलं, टकटक करून दिलं,
जुनं मी मागून घेतलं, खिशात टाकलं.
अंगठ्याला त्याचा उतार लगेच सापडतो.

बाहेर आले. नवं टोक, चहूकडून गोल,
अडाणी. दगड आणि झाकण याला एकच.
डावीकडे विचारलं, काही नाही.
डावीकडे विचारलं, काही नाही.
आणि उजवीकडे भिंतीला टेकून
फुलवाल्या सिड्रालियानं आजच ठेवलेली
कार्नेशनची बादली
पायानं गाठली.

ती ओरडली, मग माफी मागत राहिली.
बूट काठोकाठ भरला होता.
इतक्या वर्षांनी आली,
आणि उजवीकडून.