मागची जाळी

पहिल्या वकिलाकडे एसी होता.
सिव्हिल लाइन्स, तिसरा मजला, लिफ्टमध्ये आरसा.
त्यात मी मलाच दिसलो :
बगलेत पिशवी, पिशवीत गुलाबी पावत्या,
साडेचार लाखांच्या.
तो म्हणाला, शंभर टक्के परत. गॅरंटी.
पिशवीची गाठसुद्धा सुटली नव्हती तोवर.
असंच बोलायचा चुडामण,
कंपनीचा रंगीत कागद आमच्या दिवाणावर पसरून :
अठरा महिन्यांत दीडपट, काका, लिहून घ्या.
मी लिहून घेतलं होतं.

मी कूलरवाला. एकेचाळीस उन्हाळे
महाल ते मानकापूर, लोकांच्या खिडक्यांत
वाळ्याच्या ताट्या बसवल्या, पंप बदलले.
एवढं कळतं :
मागची जाळी न उघडता
जो म्हणतो 'होऊन जाईल',
त्याच्या हातात मशीन द्यायची नाही.
हे तेव्हाही कळत होतं.

दुसरा जावयाच्या ओळखीचा, इतवारीत बसतो,
जमिनीच्या भानगडी बघतो, फारकतीच्याही.
चहा पाजला. टेन्शन नका घेऊ जी,
आपल्याकडे सगळंच होते.
टेबलावर फायली अशा रचलेल्या
की सगळ्यात खालच्या फायलीतला माणूस
बहुतेक मरून गेला असेल.
बायको जिन्यात म्हणाली,
याच्यापाशी देलं तं गेलंच समजा.

तिसरी कोर्टाजवळ, टिनाखाली.
निरुपमा खोब्रागडे. टेबल एक, खुर्च्या दोन,
तिसरी शेजारच्या टायपिस्टाकडून मागून आणली.
मे महिना. तिचा कूलर खडखडत होता,
बेअरिंग गेलेलं.
मी काही बोललो नाही.
तिने पावत्या तारखेने लावल्या.
मार्चची नाही, म्हणाली.
पैसे रोख की चेक? सही कुणाची?
आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली का,
आणखी किती जणांनी दिली,
कंपनीच्या नावावर जमीन कुठे,
जप्त झाली की विकून मोकळे झाले?
मग चष्मा काढून :
किती मिळेल ते मी सांगू शकत नाही.
मिळेल की नाही, हेही. वर्षं लागतील.
फी एवढी, टप्प्याटप्प्याने, दर वेळी पावती देईन.

आणि मग ते,
जे पहिल्या दोघांनी विचारलं नव्हतं :
तुम्ही कुणाला आणलं का यात?

कूलर खडखडत होता.
बायको टिनाकडे बघत होती.
म्हटलं, बहीण. उमरेडची. देवका.
सत्तर हजार, शिवणकामाचे.
मला अकराशे मिळाले होते कमिशन,
त्यातून दुकानासाठी दोन पंप आणले.

तिने ते लिहून घेतलं.
अरेरे नाही, हं नाही.
बहिणीलाही घेऊन या, म्हणाली,
त्यांची तक्रार वेगळी लिहू.
अकराशे लपवायचे नाहीत, आधीच सांगते.

वकीलपत्रावर सही केली.
घामाने कागदाला अंगठा उमटला, तो आगाऊचा.
बेअरिंगचं मी तेव्हाही बोललो नाही,
फीमध्ये धरा म्हणतो असं वाटलं असतं.

बाहेर उसाच्या गाडीपाशी उभं राहून
देवकाला फोन लावला.
मशीन चालू असली की तिला ऐकू येत नाही.
रिंग गेली, गेली, बंद झाली.
बायको म्हणाली, पाणी प्या आधी.
प्यायलो.
परत लावला.