पूल वर गेला की

हिस्के आधी शिवी हासडायची.
नऊची मीटिंग, आणि हा पूल
नेमका आत्ता आभाळाकडे तोंड करून उभा.
मागे सायकली, पुढे फ्रीसलंडचा कालवा,
मधून एक म्हातारं गलबत
कुणाच्या बापाचं देणं नसल्यासारखं.

पूलवाला डुर्क गळाच्या काठीला
लाकडी बूट बांधून खाली सोडतो,
नावाडी त्यात नाणं टाकतो.
टक्.
सहा वर्षं हा आवाज तिने ऐकलाच नव्हता.

परवा कुणीसं सांगितलं, बोगद्यातून जा,
चार मिनिटं वाचतात.
आजवर वाचवलेल्या मिनिटांचं काय झालं
ते तिच्या कुठल्याच वहीत सापडेना,
आणि ती तर हिशोबनीस.

आता ती घरून लवकर निघते,
पुलावरूनच.
कधी कधी तो उघडतच नाही.
मग ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचते,
हिरमुसलेली.